तत्त्वज्ञानाचं पान आणि गुणांचा तक्ता

पत्र:

नमस्कार मॅडम,
सहा वर्षं वॉर्डात काम करून दोन वर्षांपूर्वी मी नर्सिंग कॉलेजात शिकवायला आले. आमचा अभ्यासक्रम नव्याने लिहिला जातो आहे. समितीत सगळ्यांत नवी मी, म्हणून ‘कार्यक्रमाचं तत्त्वज्ञान आणि सैद्धान्तिक चौकट’ हा भाग माझ्या वाट्याला आला. आमच्या वरिष्ठ म्हणाल्या, “दुसऱ्या कॉलेजचं घे, नाव बदल. ते पान कुणी वाचत नाही.” खरं सांगायचं तर सिद्धान्तांबद्दल मलाही फारसं प्रेम नाही. विद्यार्थिनी असताना पेपरपुरते पाठ केले, वॉर्डात एकदाही आठवले नाहीत. तरी उतारा करून खाली सही करायला हात धजत नाही. त्या पानाने खरंच काही फरक पडतो का? एक सिद्धान्त निवडायचा की अनेक, आणि कोणता? ज्या सहकाऱ्यांना यात रस नाही त्यांना बरोबर कसं घ्यायचं? हातात तीन आठवडे आहेत.
— एक शिक्षिका

उत्तर:

प्रिय सहशिक्षिका,

‘हात धजत नाही’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. हात आवरता घेतलात ते बरं केलंत. उतारा करू नका.

दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देऊ नये हे तर आहेच, पण मला याहून मोठी अडचण दिसते. तुमच्या कॉलेजला तत्त्वज्ञान आधीपासूनच आहे. ते कुणी कागदावर लिहिलेलं नसेल, पण वॉर्डात रोज पहिल्या ड्युटीपासून चालू असतं. विद्यार्थ्याने कशाला घाबरायचं, शाबासकी कशासाठी मिळणार, कोणती चूक चालवून घेतली जाते आणि कोणत्या चुकीला माफी नाही, पेशंटशी बोलत उभी राहिलेली मुलगी ‘रिकामी’ समजली जाते की ‘कामात’, हे सगळं त्या न लिहिलेल्या तत्त्वज्ञानाने ठरवून टाकलेलं असतं. दुसऱ्यांचं पान आणून त्यावर डकवलं तर ते झाकलं जाईल, बदलणार नाही.

ते पाहायचं असेल तर तुमच्या क्लिनिकल मूल्यमापनाचा तक्ता काढा, ज्यावर पोस्टिंगचे, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या पाळीचे, गुण देता तो. शांतपणे बसून मोजा: कृतीच्या पायऱ्यांना किती गुण, वेळेत काम संपवण्याला किती, नोंदींना किती, गणवेशाला किती, पेशंटशी झालेल्या बोलण्याला किती, ‘मी हे का केलं’ या विचाराला किती. तुमच्या कार्यक्रमाची खरी श्रद्धा त्या आकड्यांत आहे. विद्यार्थी फार हुशार असतात. आपण काय मानतो असं सांगतो याकडे ते दुर्लक्ष करतात आणि आपण कशाला गुण देतो ते पहिल्या महिन्यात ओळखतात.

माझाच अनुभव सांगते. पहिल्या वर्षी माझी बेड बाथची, म्हणजे पेशंटला खाटेवरच अंघोळ घालण्याची, परीक्षा होती. पेशंट होत्या एक वयस्कर बाई, शस्त्रक्रियेनंतरच्या. मी सगळ्या पायऱ्या बिनचूक केल्या. पडदा ओढला, पाण्याचं तापमान पाहिलं, एकेक अवयव उघडा करून पुसून पुन्हा झाकला, चादरीचे कोपरे घट्ट बसवले. या सगळ्या वेळात त्या बाई भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडत होत्या. मला ते दिसत होतं. परीक्षक बाईंनाही दिसत असणार. मी एक शब्द बोलले नाही, कारण डोक्यात पुढची पायरी घोळत होती. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षकांच्या हातातल्या कार्डावर त्या रडण्यासाठी रकानाच नव्हता. त्या शाळेच्या माहितीपत्रकात ‘रुग्ण ही एक संपूर्ण व्यक्ती आहे’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. इतकी वर्षं झाली, ते पैकीच्या पैकी गुण मला अजून बोचतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ते पान गुणांच्या तक्त्यापर्यंत पोचलं तर प्रचंड फरक पडतो, नाही पोचलं तर काडीचाही नाही.

हे आजचं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. तिथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा महिन्याचा तक्ता भरला जाई. त्याचा एक भाग चारित्र्याचा होता, त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा अशी शीर्षकं होती. दुसरा भाग कौशल्यांचा, त्यात मलमपट्टी आणि जळवा लावण्यापर्यंतच्या गोष्टी. नुसता तो तक्ता हातात आला तरी त्या शाळेचं तत्त्वज्ञान सांगता येतं: परिचारिका ही आधी भरवशाची, शिस्तीची व्यक्ती असली पाहिजे, कौशल्य त्या चारित्र्यावर उभं राहतं. आणि काळजी म्हणजे काय, तर निसर्गाला त्याचं बरं करण्याचं काम करता यावं म्हणून रोग्याला उत्तमात उत्तम स्थितीत ठेवणं. स्वच्छ हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, योग्य आहार. १८५९ मधल्या त्यांच्या पुस्तकात हाच विचार पानोपानी आहे. त्यातलं सगळंच आज आपल्याला पटणार नाही. वरिष्ठांपुढे मान तुकवण्याची सवय त्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे, आणि ती आता सोडायला हवी असं मला ठामपणे वाटतं. पण त्या शाळेत विचार आणि तक्ता एकाच हाताचे होते, हे तिच्याकडून जरूर घ्यावं.

अभ्यासक्रमाच्या शास्त्रात हीच गोष्ट राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडली. काय साधायचं, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने रचायचे आणि साधलं की नाही हे कसं तपासायचं, हे त्यांचे चार प्रश्न तुम्हाला बी.एड. न करताही ठाऊक असतील. त्यांच्या मांडणीतला एक भाग मात्र बहुतेक जण विसरतात. त्यांच्या मते उद्दिष्टांची पहिली यादी नेहमीच फार लांब होते: विद्यार्थ्यांच्या गरजा, समाजाच्या गरजा, विषयतज्ज्ञांची मतं. ती यादी दोन चाळण्यांतून काढायची. एक चाळणी तत्त्वज्ञानाची, दुसरी शिकण्याच्या मानसशास्त्राची. म्हणजे तत्त्वज्ञानाचं पान हे प्रास्ताविक नव्हे, ती चाळणी आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला तिची किती गरज आहे हे तुम्ही शिकवताना रोज अनुभवत असाल. दर वर्षी नवे आजार, नवी यंत्रं, नवे नियम यांची भर पडते, बाहेर मात्र काहीच जात नाही. ‘हेही आलं पाहिजे’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘हे काढू या’ म्हणायला आधार लागतो, आणि तो या पानातूनच मिळतो.

आता पान लिहायचं कसं. नर्सिंगच्या विचारविश्वात चार संकल्पना मध्यवर्ती मानल्या जातात: व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग. जॅकलिन फॉसेट यांनी १९८४ मध्ये या चौकटीची जी मांडणी केली, ती आज जवळपास सगळीकडे वापरतात. तुम्हीही या चारांविषयी आपण काय मानतो ते लिहा, आणि पाचवी गोष्ट माझ्या आग्रहाखातर: माणूस शिकतो कसा, याविषयी आपण काय मानतो.

प्रत्येक वाक्याला एक परीक्षा लावा. त्याच्या उलटं वाक्य कुणी शहाणा माणूस बोलेल का? ‘रुग्णाला दर्जेदार सेवा मिळाली पाहिजे’ या वाक्याच्या उलटं जगात कुणी बोलणार नाही. मग ते वाक्य काहीच सांगत नाही, खोडून टाका. आता हे पाहा: ‘आजारी माणसाला जे स्वतःला करता येतं ते त्याच्याकडूनच होऊ द्यावं, त्यात दुप्पट वेळ गेला तरी.’ भरलेला वॉर्ड सांभाळणारी इन्चार्ज सिस्टर याच्याशी नक्की वाद घालेल, आणि तिच्याकडेही मुद्दे असतील. म्हणजे या वाक्याला कणा आहे. ते स्वीकारलं तर वॉर्डातलं वेळापत्रक बदलतं, एका विद्यार्थ्याकडे किती पेशंट द्यायचे ते बदलतं, गुणांच्या तक्त्यात ‘वेळेत पूर्ण केलं’ या रकान्याचं वजन बदलतं. अशी सात-आठ वाक्यं मिळाली तरी पान झालं.

सिद्धान्तांकडे वळते. तुम्हाला ते वॉर्डात आठवले नाहीत यात तुमचा दोष नाही. तुम्हाला ते चरित्रासारखे शिकवले गेले: नाव, साल, व्याख्या, आकृती, पाच गुण. सिद्धान्त म्हणजे पेशंटच्या खाटेशी उभं राहून पहिला प्रश्न कोणता विचारायचा याचा निर्णय, हे कुणी दाखवलं नाही. मी एकच पेशंट घेऊन, नर्सिंगमधल्या चार सिद्धान्तकारांच्या नजरेतून दाखवते.

पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. मधुमेह आहे, पायाची जखम चिघळली, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आज शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा दिवस. तो ड्रेसिंगच्या वेळी डोळे मिटून घेतो.

तुमचा कार्यक्रम व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या विचारावर उभा असेल तर विद्यार्थिनी विचारेल: निरोगी असता तर या माणसाने जे स्वतः केलं असतं, त्यातलं आज काय अडलं आहे? आणि का अडलं आहे, ताकद नाही म्हणून, इच्छा नाही म्हणून, की माहिती नाही म्हणून? हेंडरसन यांनी श्वास घेण्यापासून ते शिकण्यापर्यंत चौदा मूलभूत गरजा मांडल्या. त्या यादीला लोक नावं ठेवतात, पण ताकद, इच्छा आणि ज्ञान हे त्यांचं त्रिकूट मला आजही अनमोल वाटतं. डोळे मिटणाऱ्या माणसाच्या बाबतीत ताकद आहे, ज्ञान देता येईल, अडलं आहे ते इच्छेपाशी. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पकडता येतं.

चौकट डोरोथिया ओरेम यांची असेल तर प्रश्न बदलतो. स्वतःची काळजी घेण्यासाठी या माणसाला आता काय काय करावं लागणार आहे, त्यातलं किती त्याला जमतं, आणि उरलेली दरी केवढी आहे? ती दरी भरण्याच्या तीन रीती: सगळं परिचारिकेने करायचं, दोघांनी वाटून करायचं, किंवा त्याने करायचं आणि परिचारिकेने आधार देत शिकवायचं. या विद्यार्थिनीच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या लेखी आराखड्यात, पाचव्या दिवशी ‘ड्रेसिंग केलं’ एवढंच लिहून चालणार नाही. ‘ड्रेसिंगच्या वेळी आरसा धरून जखम पाहायला तयार केलं, दुसरा पाय रोज तपासायला शिकवलं’ असं लिहावं लागेल. तिच्या अभ्यासक्रमात रुग्णशिक्षण हा शेवटच्या वर्षातला एक धडा असून भागणार नाही, तो पहिल्या सत्रापासून हवा.

कॅलिस्टा रॉय यांच्या चौकटीतली विद्यार्थिनी विचारेल: बदललेल्या परिस्थितीशी हा माणूस जुळवून कसं घेतो आहे? शरीराच्या पातळीवर, स्वतःच्या प्रतिमेच्या पातळीवर, घरातल्या आणि कामातल्या भूमिकेच्या पातळीवर, आणि ज्यांच्यावर तो अवलंबून आहे व जे त्याच्यावर अवलंबून आहेत त्यांच्याशी असलेल्या नात्यांत. इथे मिटलेले डोळे ही स्व-प्रतिमेची खूण ठरते आणि केस स्टडीत तिला स्वतःची जागा मिळते.

आणि हिल्डगार्ड पेप्लाउ यांची वाट धरली तर विद्यार्थिनी सगळ्यांत आधी स्वतःकडे पाहील: या माणसात आणि माझ्यात कोणतं नातं तयार होतं आहे? अनोळखी माणसांची पहिली भेट, मग विश्वास, मग त्या नात्याचा त्याने घेतलेला उपयोग, मग निरोप. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांनी मला अस्वस्थ वाटतं का, आणि म्हणून मी घाईघाईने ड्रेसिंग उरकते का? जाता जाता सांगते: पेप्लाउ यांचं पुस्तक १९४८ मध्ये लिहून तयार होतं, ते छापून आलं १९५२ मध्ये. एका परिचारिकेने, सोबत डॉक्टरांचं नाव न घेता, सिद्धान्ताचं पुस्तक लिहावं हे त्या वेळी प्रकाशकांच्या पचनी पडलं नव्हतं.

पेशंट एकच, खाट तीच, ड्रेसिंगचा ट्रे तोच. पण चार कार्यक्रमांतून तयार झालेल्या चार मुली चार वेगळ्या ठिकाणी थांबतील, चार वेगळ्या गोष्टी टिपतील. म्हणून मी सिद्धान्ताला शोभेची वस्तू मानायला तयार नाही.

तुमचा मनातला राग थोडा निवळावा म्हणून आणखी एक गोष्ट. यातले कित्येक सिद्धान्त तुमच्यासारख्याच, अभ्यासक्रमाच्या कामात अडकलेल्या बायकांनी निर्माण केले. ओरेम १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या आरोग्य-शिक्षण खात्यात प्रॅक्टिकल नर्सच्या (कमी मुदतीचं प्रशिक्षण घेणाऱ्या परिचारिकेच्या) प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुधारण्याचं काम करत होत्या. काय शिकवायचं हे ठरवायला बसल्या आणि त्याआधीचाच प्रश्न समोर आला: माणसाला नर्सिंगची गरज नेमकी केव्हा पडते? त्यातून पुढे त्यांचा सिद्धान्त उभा राहिला आणि १९७१ मध्ये पुस्तक आलं. रॉय १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या शिक्षिका डोरोथी जॉन्सन यांनी त्यांना नर्सिंगचं स्वतःचं प्रारूप मांडून दाखवायचं आव्हान दिलं. लहान मुलांच्या वॉर्डात काम करताना मुलं किती पटकन जुळवून घेतात हे त्यांनी पाहिलेलं होतं, ते त्यांच्या कामी आलं. पुढे त्या शहरातल्या माउंट सेंट मेरीज कॉलेजात तेच प्रारूप संपूर्ण अभ्यासक्रमाचा पाया बनलं. बेटी न्यूमन यांनी १९७० मध्ये आपलं प्रारूप मुळात वर्गात शिकवायचं साधन म्हणून आखलं होतं. तेव्हा हे विचार वरून लादलेले नाहीत. तुम्ही आज ज्या टेबलाशी बसला आहात, तसल्याच टेबलाशी ते सुचले आहेत.

एक की अनेक? यावर माझं मत पक्कं आहे: कणा एक ठेवा आणि बाकीच्यांना गरजेप्रमाणे बोलवा. १९७०च्या दशकात अमेरिकेत मान्यतेच्या निकषांमुळे प्रत्येक नर्सिंग कार्यक्रमाला स्वतःची सैद्धान्तिक चौकट दाखवणं भाग पडलं. पुष्कळ कॉलेजांनी एक सिद्धान्त उचलला आणि प्रत्येक विषय, प्रत्येक धडा त्या साच्यात कोंबला. विद्यार्थ्यांना त्या सिद्धान्ताची परिभाषा आली, पण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर ती भाषा कुणाला कळेना. पुढे ही सक्ती मागे पडली आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ‘आमचा दृष्टिकोन सर्वसमावेशक आहे’ असं लिहून कॉलेजं मोकळी होऊ लागली. सर्वसमावेशक या शब्दामागे बहुधा कुणीच काही ठरवलेलं नसतं. तो शब्द तुमच्या पानावर येऊ देऊ नका.

कणा कोणता ते तुमच्या त्या सात-आठ वाक्यांवरून ठरेल, उलट्या क्रमाने जाऊ नका. पेशंटचं स्वावलंबन तुमच्या वाक्यांत वारंवार येत असेल तर ओरेम किंवा हेंडरसन जवळचे. नातं आणि संवाद येत असेल तर पेप्लाउ किंवा जीन वॉटसन. वॉटसन यांनी १९७९ पासून काळजी हाच नर्सिंगचा गाभा मानून लिहिलं आणि पुढे एम ऑलिव्हिया बेव्हिस यांच्यासोबत काळजीवर आधारित अभ्यासक्रम कसा असावा याची मांडणीही केली. तुमच्या कार्यक्रमाचा मोठा भाग रुग्णालयाबाहेरचा, समुदायाच्या आरोग्याचा असेल तर न्यूमन पाहा. त्यांच्या चौकटीत एक माणूस, कुटुंब, गट, संपूर्ण समुदाय यांतलं कोणीही केंद्रस्थानी असू शकतं आणि प्रतिबंधाच्या तीन पातळ्या (त्रास होण्याआधी टाळणं, झाल्यावर लवकर ओळखून उपचार करणं, नंतर पुन्हा सावरायला मदत करणं) त्यात मुळातच विणलेल्या आहेत. ओरेम यांची चौकट कणा म्हणून घेऊन मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला पेप्लाउ आणल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त तो निर्णय का घेतला ते दोन ओळींत लिहून ठेवा.

आता त्या पाचव्या गोष्टीवर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण बहुतेक कार्यक्रम तिथेच ढासळतात. पेशंटविषयी सुंदर तत्त्वज्ञान लिहितात आणि विद्यार्थ्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. मग होतं काय? पेशंटच्या आत्मसन्मानावर तासभर व्याख्यान देऊन झाल्यावर तीच शिक्षिका राउंडला सगळ्यांसमोर, पेशंटच्या देखत, मुलीला असं बोलते की ती रडत बाहेर जाते. त्या मुलीला व्याख्यान आठवणार नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने कमजोर माणसाशी कसं वागायचं असतं, हे ती त्या दिवशी शिकली. उद्या खाटेवरच्या माणसासमोर सत्ता तिच्या हातात असेल. पेशंटविषयीचं वाक्य आणि विद्यार्थ्याविषयीचं वाक्य एकमेकांशी जुळलंच पाहिजे. पेशंट हा निर्णयात सहभागी आहे असं मानत असाल तर विद्यार्थीही आपल्या शिकण्याच्या निर्णयात थोडा तरी सहभागी हवा. चूक लपवली तर जीव जाऊ शकतो असं शिकवत असाल, तर चूक सांगणाऱ्या विद्यार्थ्याचं तुम्ही काय करता ते तपासा.

शिकण्याच्या सिद्धान्तांपैकी पॅट्रिशिया बेनर यांचं काम मी प्रत्येक शिक्षिकेला वाचायला सांगते. ड्रायफस बंधूंनी मांडलेल्या कौशल्याच्या पायऱ्या त्यांनी परिचारिकांच्या कामाला लावून पाहिल्या आणि १९८४ मध्ये पाच टप्पे मांडले: नवशिकी, थोडी पुढे गेलेली नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवशिक्या मुलीला नियम लागतात, कारण तिच्याकडे अनुभव नाही. तज्ज्ञ परिचारिका मात्र पेशंटच्या चेहऱ्याचा रंग पाहून काहीतरी बिनसलंय हे यंत्राच्या आधी ओळखते, आणि कुठल्या नियमाने ओळखलं हे तिला सांगताही येत नाही. तुम्ही सहा वर्षं वॉर्डात काढलीत, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

याचा अभ्यासक्रमावर थेट परिणाम होतो. पहिल्या वर्षी चेकलिस्ट हवीच. माझ्या बेड बाथच्या कार्डावर माझा राग आहे, पण पायऱ्यांवर नाही. पायऱ्यांमुळेच त्या बाईंना थंडी वाजली नाही आणि त्यांची लाज राखली गेली. राग आहे तो शेवटच्या वर्षीही तीच चेकलिस्ट, तोच तक्ता वापरण्यावर. विद्यार्थिनी पुढे जाते, तक्ता जागचा हलत नाही. बेनर यांच्या हिशेबाने नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका ही दुसऱ्या टप्प्यावर असते. तेव्हा ‘आमचा कार्यक्रम तज्ज्ञ परिचारिका घडवतो’ असं लिहू नका. ते खरं नाही, आणि नव्या नोकरीत गोंधळलेल्या मुलीला त्यामुळे स्वतःचीच लाज वाटते.

शेवटच्या वर्षीच्या तक्त्यासाठी क्रिस्टीन टॅनर यांचं २००६ मधलं क्लिनिकल निर्णयाचं प्रारूप कामाचं आहे: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. आपण बहुधा तिसऱ्यालाच गुण देतो. ‘तुला सगळ्यांत आधी काय लक्षात आलं?’ या प्रश्नाला पाच गुण ठेवून पाहा, पुढच्या पोस्टिंगला मुली खोलीत शिरताना वेगळ्या नजरेने शिरतील. बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगमधल्या ज्ञानाचे चार प्रकार सांगितले: शास्त्राचं, नीतीचं, स्वतःला ओळखण्याचं आणि काळजीतल्या कलेचं. तुमच्या मागच्या परीक्षेची एक प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रत्येक प्रश्नासमोर यांतला कोणता प्रकार ते लिहा. फार वेळ लागणार नाही.

सहकाऱ्यांचं आणि तीन आठवड्यांचं. ‘तत्त्वज्ञानावर चर्चा’ अशी बैठक बोलवू नका, कुणी येणार नाही, आले तर घड्याळाकडे बघत बसतील. त्यांच्यासमोर एक पेशंट ठेवा. हवा तर मी वर सांगितलेला घ्या, त्याहून बरं म्हणजे तुमच्याच क्लिनिकल क्षेत्रातला ओळख पुसून घ्या. एकच प्रश्न विचारा: “आपल्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची उत्तम विद्यार्थिनी इथे काय करेल?” लोक बोलू लागतील, कारण हा त्यांच्या हातातला विषय आहे. मतभेद होतील. त्या मतभेदांत प्रत्येकीचं तत्त्वज्ञान बाहेर येईल. तुम्ही फक्त वाक्यं टिपा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. पहिल्या आठवड्यात अशा दोन बैठका पुरे. एकीला वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि दोन-तीन विद्यार्थिनी असू द्यात. इन्चार्ज सिस्टरना वगळून लिहिलेलं तत्त्वज्ञान वॉर्डाच्या दारापाशीच अडतं.

दुसऱ्या आठवड्यात वाक्यांमधून पान लिहा आणि कणा ठरवा. मग एक वाक्य घेऊन त्याचा माग काढा. ‘जे पेशंटला करता येतं ते त्याच्याकडून होऊ द्यावं’ हे वाक्य पहिल्या वर्षाच्या कोणत्या विषयात दिसतं? कोणत्या प्रात्यक्षिकात? केअर प्लॅनच्या नमुन्यात त्याला रकाना आहे का? शेवटच्या वर्षी ते अधिक अवघड रूपात परत येतं का, उदाहरणार्थ पेशंट जेव्हा उपचार नाकारतो तेव्हा? आणि तोंडी परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला आहे का? जिथे माग तुटतो तिथे खूण करा. सगळ्या वाक्यांचं हे तीन आठवड्यांत होणार नाही. दोन वाक्यांचं झालं तरी समितीसमोर ठेवायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असेल. तिसरा आठवडा गुणांच्या तक्त्यासाठी ठेवा. निदान एका पोस्टिंगचा नवा तक्ता पानाला जोडूनच समितीला द्या.

तुमच्या वरिष्ठांशी वाद घालू नका. ‘ते पान कुणी वाचत नाही’ हे त्यांनी अनुभवातून सांगितलं आहे आणि ते खरंच आहे. त्यांनी आजवर अशी किती पानं फाईलमध्ये जाताना पाहिली असतील! त्यांना पान दाखवायला जाऊच नका, जुना आणि नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवून दाखवा आणि विचारा, “मॅडम, तुमच्या मते चांगल्या सिस्टरला यातला कोणता न्याय देतो?” त्यांच्याही आठवणीत अशी एखादी भिंतीकडे तोंड केलेली बाई असेलच. त्यांनी ती गोष्ट सांगितली तर मध्ये बोलू नका, ऐका, आणि परवानगी घेऊन त्यातलं वाक्य पानात घ्या.

मसुदा झाला की शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला वाचायला द्या आणि विचारा, “हे खरं मानलंस तर उद्याच्या ड्युटीत तू काय वेगळं करशील?” ज्या वाक्यावर ती गप्प राहील ते पुन्हा लिहा. नंतर पान आणि तक्ता दोन्ही मला पाठवा. मी आधी तक्ता वाचेन.